गिरणी सुटल्यानंतर



कामगार चळवळीतला एखादा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो आता संप, महागाईभत्ता आणि बोनस यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. या गोष्टींना मी आज अधूनमधून शिवणार आहे; परंतु माझा मुख्य विषय निराळा आहे. मुंबईच्या गिरणगावातला विशी-पंचविशीतला तरुण गिरणी सुटल्यावर काय करीत असे, कोठे बसत असे, कशाने त्याच्या जिवाला बरे वाटे, हा तो विषय. इतिहासाच्या व्याख्यानाला तो फार हलका आहे असे कोणास वाटेल. माझे म्हणणे असे आहे की, गरीब माणसाच्या विरंगुळ्याचा इतिहास हा त्याच्या हाती उरलेल्या तासांचा इतिहास होय. आणि ते तास त्याला कोणी दान दिलेले नाहीत. एकेक तास भांडून घ्यावा लागला आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवास काढली. कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली सूत निघू लागले. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, प्रभादेवी, वरळी या भागांत धुराड्यांचे रान उठले. त्या धुराड्यांखाली राबण्यासाठी रत्नागिरीकडून आणि घाटावरच्या सातारा, कोल्हापूर, पुणे या मुलखांतून तरुण माणसे आली. शेताचा तुकडा भावाभावांत पुरेनासा झाला की घरातल्या एकाने मुंबईची वाट धरावयाची, बायकापोरे आणि म्हातारी माणसे गावी राहावयाची, आणि महिन्याच्या मनिऑर्डरीवर गावची चूल पेटावयाची, असा तो शिरस्ता. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेलाही पोहोचत नव्हती, यावरून हे शहर किती एकट्या पुरुषांचे होते याची कल्पना यावी.

आरंभीच्या काळात गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडले की पट्टा फिरू लागे, अंधारले की थांबे. म्हणजे हिवाळ्यात अकरा तास आणि उन्हाळ्यात तेरा तास. आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. सणावाराचे काही दिवस सोडले तर सगळे वार सारखेच. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांसाठी काहीच दिले नाही. सात वर्षांचे मूल नऊ तास राबविण्यास मोकळीक देणारा कायदा त्या काळी सुधारणा म्हणून गणला गेला, हे आज ऐकतानाही कसेसेच होते.

या परिस्थितीत नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम उभे राहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला आणि ‘दीनबंधु’ पत्र चालविणारा हा माणूस. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला. त्या अर्जातल्या मागण्या आपण एकदा नीट ऐकाव्या, अशी माझी विनंती आहे. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास काम थांबावे. सकाळी साडेसहाला सुरू झालेली गिरणी सूर्यास्ताला बंद व्हावी. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमच्या अपंगाची काही सोय व्हावी. पाचांपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत! पगार वाढवा असे त्यांत एकही कलम नाही. ज्यांच्या पोटात पुरते अन्न नव्हते त्यांनी प्रथम वेळ मागितला. भाकर खाण्यासाठीसुद्धा अर्धा तास बूड टेकावे लागते, हे त्यांना आपल्याहून जास्त कळत होते.

१८९० च्या एप्रिलात मुंबईत पुन्हा मोठी सभा भरली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या वर्षीच्या जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीचा ठराव केला, आणि १८९१ च्या कायद्याने ती सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की झाली. रविवारची सुट्टी इंग्रजांबरोबर आपोआप आली असे पुष्कळांना वाटते. साहेबाच्या कचेरीत ती तशी आलीही असेल. गिरणीत मात्र ती आणावी लागली.

पण मिळालेली वेळ हातून जाण्यासही उशीर लागत नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. ज्या दिव्याने घरात उजेड पडतो त्याच दिव्याने गिरणीत काळोख केला, असे म्हणावे लागते. सूर्य मावळला तरी पट्टा फिरतच राहिला आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कामगारांनी ठिकठिकाणी काम टाकले, त्याचे कारण हेच. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने देशभर आठवड्याला साठ तास ही मर्यादा झाली, १९३४ च्या कायद्याने चोपन्न तास, आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तास. तीच मर्यादा १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कायम राहिली.

आता आपण एक ढोबळ हिशेब मांडू. बारा तास काम आणि अर्धा तास विश्रांती, म्हणजे साडेबारा. जाणे-येणे, नळावरची व संडासाची रांग, आंघोळ आणि दोन वेळचे जेवण यांना तीन तास धरा. झोपेला सात. दिवसाच्या चोवीस तासांतून उरला दीड तास. त्या दीड तासात माणूस भिंतीला पाठ लावून बिडी ओढील, याहून अधिक काही करणार नाही. काम दहा तासांवर आले की साडेतीन तास उरतात. दीड आणि साडेतीन यांतले जे अंतर आहे, त्या अंतरात गिरणगावचे सगळे सांस्कृतिक जीवन वसलेले आहे. त्याला पैसा लागला, माणसे लागली, गावाकडची परंपरा लागली, हे सर्व खरे. पण अगोदर वेळ लागला.

हा तरुण राहत होता कोठे? मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्या बी. डी. डी. चाळी. एकेका चाळीत ऐंशी खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. खाजगी चाळींतले गाळे याहूनही अडचणीचे असत. एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण भाडे वाटून राहावयाचे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. पाळ्या सुरू झाल्यावर तर रात्रपाळीचा माणूस सकाळी परत येई तो दिवसपाळीवाल्याच्या अजून ऊब असलेल्या जागेवरच आडवा होई.

ज्याला घरात बसावयास जागा नाही, त्याचे सुख घराबाहेरच असणार. गिरणगावचा तरुण नाक्यावर का उभा असे, गॅलरीत का टेकलेला असे, फुटपाथवर पत्ते का कुटीत असे, याचे उत्तर त्या १६० चौरस फुटांत आहे. पांढरपेशा मंडळी त्यास रिकामटेकडा म्हणत. दहा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रिकामटेकडा कसा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

त्याच्या सुखाच्या जागा मोजक्या होत्या. पहिली जागा इराण्याचे हॉटेल. संगमरवरी फरशीचे टेबल, भिंतीला आरसे आणि पाठ टेकावयास खुर्ची. चहा आणि मस्का लावलेला पाव यांच्या किमतीत ती खुर्ची थोडा वेळ आपली होई. गिरणीत बसावयास मिळत नसे आणि खोलीत खुर्ची नसे. तेव्हा त्या चहाच्या पैशांत अर्धा वाटा खुर्चीचा होता असे समजावे. एकच वर्तमानपत्र पान पान सुटे होऊन चार टेबलांवर फिरे, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याला शेजारचा वाचून दाखवी. शिवाय इराण्याकडे कोणी जात विचारीत नसे. याचे मोल समजावयाचे असेल तर साचेखात्याकडे पाहावे. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या विणकामापासून दूर ठेवण्यात आले होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. एका यंत्रावर जे बरोबर उभे राहू शकत नव्हते ते एका टेबलावर चहा पीत होते, ही गोष्ट लहान खरी, पण तुच्छ मानण्यासारखी नव्हे.

दुसरी जागा तालीम आणि भजनी मंडळ. लाल मातीत दोन पकडी केल्या की अंगात बसलेला कापसाचा तंतू घामावाटे निघून जातो, अशी समजूत होती. वैद्यकाच्या दृष्टीने ती खरी नसेल. पण तालमीतून निघालेल्या गड्याला हलके वाटे एवढे खरे. एकेका गावाचे मंडळ, त्याचा मृदंग, त्याचे टाळ. कोकणच्या मंडळींचे नमन, दशावतार आणि शक्ती-तुऱ्याचे सामने, तर घाटावरच्यांचे लेझीम आणि तमाशाचे वेड. लोअर परळच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उभे राहत आणि पगाराच्या आठवड्यात तेथे तिकिटासाठी झुंबड उडे.

तिसरी जागा नाटक आणि सिनेमा. ना. म. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये काढली, आणि परळला दामोदर हॉल उभा केला. त्या रंगमंचावर कामगारांनी तोंडाला रंग लावून नाटके केली. दिवसा साचे चालविणारा रात्री राजा होई! त्याच वास्तूत १९२४ च्या मार्चमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करण्यासाठी बैठक भरली, हेही ध्यानात ठेवावे. १९३१ साली ‘आलम आरा’ने आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने पडदा बोलू लागला, आणि लालबागचे भारतमाता थिएटर तर पुढे मराठी चित्रपटांचे हक्काचे घर बनले. रविवारी राणीच्या बागेत वाघ-हत्ती पाहावयाचे, ट्रामच्या खिडकीशी बसून शहर पाहावयाचे, चौपाटीवर वाळूत पाय पसरावयाचे, आणि वर्षातून एकदा स्टुडिओत मागच्या रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहून फोटो काढून तो गावी धाडावयाचा. लालबागच्या बाजारातील कोळी व व्यापारी मंडळींनी १९३४ साली ज्या गणपतीची स्थापना केली तो आज जगभर ठाऊक आहे. पण असे गणपती त्या काळी नाक्यानाक्यावर बसत आणि त्यांच्या वर्गणीचा हिशेब ठेवता ठेवता पुष्कळ तरुण हिशेब शिकले.

हे सगळे सुख निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. दारूचा गुत्ता होता, आकड्याचा जुगार होता, आणि पठाणाचे व्याज होते. परंतु याही गोष्टीची मुळे शोधली पाहिजेत. पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनी मिळे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे कर्ज यांवाचून गत्यंतर नसे. पगार सात दिवसांत, आणि मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत, द्यावा असा कायदा १९३६ साली झाला. १८८४ च्या अर्जातली मागणी पुरी व्हावयास बावन्न वर्षे गेली! या काळात गिरणगावात आलेले सुधारक पुष्कळदा कामगाराला फावला वेळ सत्कारणी कसा लावावा याचा उपदेश करीत. रात्रशाळांनी माझ्यासारख्या कित्येकांचे कल्याण केले, ते ऋण आम्ही विसरणार नाही. तथापि, उपदेश करणाऱ्याला स्वतःच्या दिवाणखान्यात पत्ते खेळताना कोणी त्याचा हिशेब विचारीत नसे. फावला वेळ तो की ज्याचा जाब मागण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाही.

येथवर मी तरुण म्हणताना पुरुषाचेच चित्र काढले, हे भगिनींच्या ध्यानात आले असेल. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्यांचे हात चालत. १८९१ च्या कायद्याने त्यांचे काम अकरा तासांवर आणले. पण गिरणी सुटल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होई: पाणी, चूल, धुणे, मूल. तिला इराण्याच्या खुर्चीत बसण्याची सोय नव्हती. नळावरच्या गप्पा, संक्रांतीचे हळदीकुंकू, श्रावणातल्या फुगड्या, नवरात्रात महालक्ष्मीची जत्रा, एवढ्यात तिचे वर्ष आटोपे. आणि ज्या बाईने खानावळ चालविली तिच्याविषयी काय बोलावे? पहाटेच्या भोंग्याआधी दहा-वीस जणांच्या भाकऱ्या थापून होत. पोळ्याला पुरणपोळी आणि पगाराच्या रविवारी मटणाचा रस्सा हे त्या पोरांचे मोठे सुख. ते तिच्या हातून येई. तिच्या कामाचे तास कोणत्याही कायद्यात धरलेले नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्यांना एकत्र केले, तेव्हा त्यांच्या श्रमाची प्रथमच नीट दखल घेतली गेली. आपण मिळविलेल्या तासांत तिचा वाटा निघाला नाही, ही पुरुषांच्या चळवळीची बाकी राहिलेली देणी आहे.

आता या सर्वांचा आणि चळवळीचा संबंध काय? संबंध असा की, संघटना सभेत जाहीर होते, पण ती जन्मते नाक्यावर. १९२८ चा संप सहा महिने टिकला. एवढी माणसे सहा महिने पगारावाचून कशी तगली? गावमंडळांनी माणसे गावी धाडली, वाण्यांनी उधार दिले, खोलीतल्या सोबत्यांनी एका ताटात दोघांना जेवविले. जे एकत्र भजन म्हणत होते, एकत्र वर्गणी काढीत होते, त्यांना एकत्र उपाशी राहणे जमले. गिरणी कामगार युनियन त्या वर्षी मोठी झाली ती अशा तयार जमिनीवर. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांना श्रोते शोधावे लागले नाहीत. तमाशा आणि पोवाडा जाणणारा श्रोता गिरणगावात बसलेलाच होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी काय केले ते मी सांगावयास नको. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरचे एक तान्हे मूल घरी आणून वाढविले. त्या नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली निघाला. चौदा तासांच्या दिवसात हा कवी मिळाला असता काय, याचा विचार आपणच करावा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटला नाही. गिरण्या एकामागून एक गेल्या; फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा आहे. तेथे आजचे तरुण फिरावयास जातात, त्यांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्या सुखाची जागा ती आहे. पण त्याच मॉलमध्ये दिवसभर उभे राहून माल विकणारी मुलगी आणि बाहेर दुचाकीवर पिशवी अडकवून फोनकडे डोळे लावून बसलेला मुलगा, हे गिरणगावच्या त्या तरुणाचे वारस आहेत. माझ्या कामात मला ते रोज भेटतात. गिरणीचा भोंगा कठोर होता. पण तो सकाळी जसा बोलावी तसा संध्याकाळी सोडीही. या मुलाच्या फोनला सोडण्याचा भोंगा नाही. किती वाजता सुटतोस, असे विचारले तर तो हसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत ॲपवर काम करणाऱ्यांचे नाव सामाजिक सुरक्षेसाठी आले आहे, ही चांगली गोष्ट झाली. त्यांच्या तासांना मात्र अजून मर्यादा नाही.

आणि जेथे मर्यादा आहे तेथेही ती हलू लागली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा तशीच ठेवली आहे आणि कामगाराची संमती घ्यावयाची आहे, असे सांगण्यात येते. ते मी मान्य करतो. परंतु दारात नोकरीसाठी दहा जण उभे असताना अकराव्याची संमती कशी मिळते, हे ज्याने नोकरी शोधली आहे त्यास सांगावे लागत नाही. बारा हा आकडा १९११ च्या कायद्यात होता. तेथून खाली यावयास आपल्या आजोबा-पणजोबांना किती संप करावे लागले, ते आपण आताच ऐकले.

आपल्या घरांतून कामावर जाणारी तरुण मुले-मुली आहेत. ती घरी आली की पगार किती वाढला हे आपण अगत्याने विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: आठवड्यात तुझे स्वतःचे तास किती उरले, आणि त्यांत तू काय केलेस? त्याने काही केले नाही, नुसता मित्रांबरोबर नाक्यावर उभा राहिलो, असे उत्तर आले तर रागावू नये. तास उरले नाहीत असे उत्तर आले, तर मात्र ते घरातल्या घरात ठेवू नये. ते चारचौघांत आणि संघटनेत बोलावे. रविवारची सुट्टीसुद्धा अशीच, परळच्या एका सभेत बोलून सुरू झाली होती.